मुलांना दोन्ही घरांचा अभिमान कसा वाटेल? (माहेर सांगली, सासर कुंभकोणम)

पारिजातक | ३ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी सांगलीची, नवरा कुंभकोणमचा, राहतो पुण्यात. लेक आठ वर्षांची, तिसरीत. धाकटा चारचा. सासू-सासरे वर्षातले सात-आठ महिने आमच्याकडे असतात. घरात मराठी, तमिळ, इंग्रजी तिन्ही चालतात. मला आजवर वाटायचं, आपल्या पोरांना दोन-दोन आजोळांसारखी घरं मिळाली, अजून काय हवं.

लेकीला शाळेतून आणायला तिची पाटी (तमिळमध्ये आजी) जाते. फाटकाशी उभी राहून हाक मारते, "कण्णा, इंगे वा!" म्हणजे बाळा, इकडे ये. गेल्या महिन्यात वर्गातल्या दोन-तीन मुलांनी त्याची नक्कल केली, "यंडूगुंडू" म्हणून चिडवलं. लेक घरी येऊन मला म्हणाली, "आई, पाटीला सांग ना, शाळेपाशी मराठीत बोल. नाहीतर तूच ये." सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना मराठी बोलता फारसं येत नाही, पण कळतं सगळं. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या फाटकापर्यंत जात नाहीत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभ्या राहतात आणि लेक तिथवर चालत येते.

मला ते बघवत नाही. लेकीला रागावले असते तर तिच्या मनात पाटीबद्दलच अढी बसली असती, म्हणून गप्प बसले.

त्यात शाळेने 'माझे कुटुंब' असा तक्ता करायला दिलाय. त्यात मूळ गावासाठी एकच चौकट आहे. तिने सांगली लिहिलं. नवऱ्याने बघितलं, "छान अक्षर काढलंयस" म्हणाला आणि आत गेला.

ज्यांच्या घरात दोन भाषा, दोन जाती, दोन धर्म, दोन देश असं काही आहे, त्यांनी काय केलं? आणि तुम्ही स्वतः अशा घरात वाढला असाल तर लहानपणी तुम्हाला काय मिळायला हवं होतं? तक्ता पंधरा तारखेला द्यायचाय, पण प्रश्न तक्त्यापुरता नाही.

झणझणीत | ३ मार्च, रात्री १०:२०

रुमाल टाकून ठेवतो. उद्या निवांत लिहितो.

अबोली_१९ | ३ मार्च, रात्री १०:४१

झेरॉक्सच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या तुमच्या सासूबाई डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत. उपाय माझ्याकडे नाही. वाचतेय.

डोंबिवलीचे_आजोबा | ४ मार्च, सकाळी ७:०५

स्पष्ट लिहितो, राग नसावा. मूल महाराष्ट्रात वाढतंय, शाळा इथली, मित्र इथले. त्याचं एक मूळ आधी पक्कं होऊ द्या. दोन्हीकडे ओढलं तर ना धड हे ना धड ते. तिने सांगली लिहिलं यात मला काही चूक दिसत नाही.

केळीचं_पान | ४ मार्च, सकाळी ९:३०

@आजोबा, वयाचा मान ठेवून असहमती. आमचं घराणं तीनशेहून जास्त वर्षं तमिळ मुलुखात आहे आणि दोन्हीकडे आहे.

मी तंजावरी मराठी. चेन्नईत वाढलो, आता हिंजवडीत नोकरीला. आमच्या घरी बोलतात ती मराठी पुण्यात निम्मी कळत नाही, पण ती मराठीच आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी सतराव्या शतकात तंजावरला गादीवर बसले, त्यांच्या मागोमाग आमचे लोक गेले आणि तिथलेच झाले. चेन्नईच्या शाळेत मी 'मराठीवाला' होतो, पुण्यात आल्यावर 'मद्रासी' झालो. आठवीपर्यंत मलाही घरची भाषा बाहेर निघू नये असं वाटायचं.

मग आजोबा मला तंजावरच्या मोठ्या देवळात घेऊन गेले. तिथे भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा लांबच लांब मराठी शिलालेख आहे, १८०३ सालचा, सरफोजी राजांच्या काळातला. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या देवळावर आमची भाषा कोरलेली! आजोबांनी एक ओळ बोट फिरवत वाचली आणि म्हणाले, "आता तू वाच." मला देवनागरी अडखळत वाचता यायची. मागे एक तमिळ कुटुंब उभं होतं, त्यातल्या मुलाने मला विचारलं, "तुला हे येतं?" त्या प्रश्नात जो आदर होता तो मी अजून विसरलेलो नाही.

पारिजातकताई, कुंभकोणमहून तंजावर चाळीसेक किलोमीटर. तुमच्या लेकीची दोन्ही घरं तिथे एकाच भिंतीपाशी भेटतात. पुढच्या सुट्टीत नक्की न्या.

तिखटमीठ | ४ मार्च, सकाळी ९:५२

तंजावरचा विषय निघालाच आहे तर सांबार आपलंच ना? संभाजीराजांच्या नावावरून पडलं म्हणतात.

केळीचं_पान | ४ मार्च, सकाळी १०:०१

गोष्ट छान आहे, आमच्याकडेही सांगतात. पण भक्कम पुरावा नाही. डांगर पचडी मात्र हक्काने आमची. उडदाचं डांगर, वरून दही आणि मोहरी-मिरचीची फोडणी. सांबार सोडा, डांगर घ्या.

तिखटमीठ | ४ मार्च, सकाळी १०:०४

सौदा मंजूर. आमसूल आमटीत राहील, चिंच सांबारात. सीमाप्रश्न मिटला.

माणूसच_बरा | ४ मार्च, दुपारी १:१५

मला मूळ प्रश्नच पटत नाही. अभिमान कशाचा? कुठल्या घरात जन्मायचं ते आपण ठरवत नाही. आधी भाषेचा अभिमान, मग प्रांताचा, मग जातीचा, आणि शेवटी डोकी फुटतात. मुलीला सांगा, तू माणूस आहेस, बाकी सगळं बिनमहत्त्वाचं. आम्ही घरी हेच केलं. मुलांना जात कुठली ते दहावीचा फॉर्म भरेपर्यंत माहीत नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा | ४ मार्च, रात्री ११:३८

@माणूसच_बरा, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण जात माहीत नसताना दहावीपर्यंत पोचता येणं ही सवलत सगळ्यांना नसते. माझ्या लेकीला दुसरीत एका मैत्रिणीच्या आईने आडनाव विचारलं. तिने सांगितलं. "म्हणजे कुठले तुम्ही?" "नागपूरचे." "तसं नव्हे गं." आठ वर्षांच्या पोरीला 'तसं नव्हे'चा अर्थ तिथेच कळला.

मी नागपूरचा, बौद्ध. बायको पुण्याची, कोकणस्थ. आमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. त्यात तीस दिवस आधी नोटीस लागते. ती फलकावर लागली आणि कुणीतरी सासऱ्यांना फोन केला. पुढे दोन वर्षं ते आमच्याशी बोलले नाहीत. नात झाल्यावर बोलायला लागले आणि मग तिच्यावर जीव टाकला, हेही खरं.

पण आजोळी तिला काय मिळायचं ते ऐका. अथर्वशीर्ष, फराळ, खापरपणजोबांनी कोकणातून पायी येऊन माधुकरी मागून शिक्षण कसं केलं त्याची गोष्ट. आणि माझ्या बाजूचं? "तुझ्या बाबांनी फार कष्टाने शिक्षण घेतलं." एवढं एक वाक्य. जणू आमच्याकडे कष्टांपलीकडे काही नव्हतंच. ना गाणं, ना गोष्ट, ना हुशारी. सासूबाई मला मायेनेच म्हणाल्या होत्या, "ते सगळं तिला आत्ताच कशाला सांगायचं, लहान आहे ती." 'ते सगळं' म्हणजे माझी आई, माझे आजोबा, माझी वस्ती.

मग मी ठरवलं की सुरुवात दुःखापासून करायची नाही. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, त्यात बाबासाहेबांवरच्या पुष्कळ. तिने नातीला त्या म्हणायला शिकवल्या. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. पांढरा सदरा नव्हता म्हणून शेजाऱ्याचा मागून घालून गेले आणि परत देताना शेजारी घेईना, म्हणाला, "यातच तू बौद्ध झालास, आता तो तुझाच." ही गोष्ट लेकीला इतकी आवडते की ती मलाच मध्ये थांबवून पुढचं सांगते.

दहा वर्षांची झाली तेव्हा महाडला नेलं. २० मार्च १९२७ ला इथे नुसतं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, हे चवदार तळ्याच्या काठावर उभं राहून सांगितलं. तिने विचारलं, "आईकडचे लोक तेव्हा कुठे होते?" मी गप्प राहिलो. उत्तर बायकोने दिलं. म्हणाली, "बरेचसे अडवणाऱ्यांच्या बाजूने होते. थोडे तुझ्या बाबांकडच्यांबरोबर होते." मग तिला सहस्रबुद्ध्यांबद्दल सांगितलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली, त्यात बाबासाहेबांबरोबर गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते, जन्माने ब्राह्मण. लेक तळ्याकडे बघत बराच वेळ बसली आणि म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखे लोक तेव्हाही होते."

तेव्हा अभिमान नको हे मला मान्य नाही. दोन घरांपैकी एकाला जग मान देतं आणि दुसऱ्याला देत नाही, तिथे आईबाप गप्प राहिले तर मूल आपोआप मान मिळणाऱ्या बाजूला सरकतं. पारिजातकताई, तुमच्या लेकीनेही तेच केलंय. तिचा दोष नाही.

अबोली_१९ | ५ मार्च, सकाळी ६:५०

सदऱ्याच्या गोष्टीला दंडवत. आणि लेकीच्या त्या वाक्यालाही.

माणूसच_बरा | ५ मार्च, सकाळी ८:२२

@वऱ्हाडी_ठेचा, 'सवलत' हा शब्द लागला, पण विचार केल्यावर बरोबर वाटला. आमच्या मुलांना कुणी 'तसं नव्हे' म्हटलेलं नाही, हे मी धरलंच नव्हतं. अभिमानातून दुसऱ्याला हिणवलं जातं ही माझी भीती अजून आहे. पण तुम्ही सांगता ते वेगळं आहे.

कागदपत्र_काका | ५ मार्च, सकाळी ११:१०

वरच्या संदर्भात दोन कामाच्या गोष्टी. आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात आपोआप वडिलांचीच धरायची असं नाही. ते मूल प्रत्यक्षात कुठल्या समाजात, कशा परिस्थितीत वाढलं हे पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलंय. आई मागासवर्गीय असेल आणि वडील मागासवर्गीय नसतील तर हे विशेष लक्षात ठेवा, कारण अर्ज करतानाच अनेकांना परत पाठवतात. दुसरं, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे.

पारिजातक | ५ मार्च, दुपारी २:४५

कागदपत्र काका, नावाचा विषय आमच्याकडे फार नाजूक आहे. तमिळ पद्धतीत आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावतात. इथल्या प्रत्येक अर्जात आडनावाची चौकट. शेवटी सासऱ्यांचं नाव मुलांचं आडनाव झालं. सासरे पहिल्यांदा आधार कार्ड बघून म्हणाले, "माझं नाव इतक्या पुढे कधी गेलं नव्हतं." आनंदाने म्हणाले की संकोचाने, मला अजून कळलेलं नाही.

वऱ्हाडी, तुमचं शेवटचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मीही तेच केलं होतं. कॉलेजात इथे आलो तेव्हा वर्षभर गाव विचारलं की चेन्नई सांगायचो. कुंभकोणम म्हटलं की लोक हसायचे." अकरा वर्षांच्या संसारात हे मला आज कळलं.

मांडवीकाठ | ५ मार्च, रात्री ९:००

मी तुमच्या लेकीच्या जागची, म्हणून लिहितेय. बाबा डिचोलीचे हिंदू, आई म्हापशाची ख्रिश्चन.

गोव्यात शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण सख्ख्या बहिणी मानतात. लहानपणी मला वाटायचं ही गोष्ट लोकांनी आमच्याच घरावरून रचली. नेवऱ्या आमच्याकडे चवथीलाही व्हायच्या आणि नाताळलाही. सारण तेच, करणाऱ्या आज्या वेगळ्या. मला कधी दोन भाग असल्यासारखं वाटलंच नाही, आणि याचं श्रेय मी सणांना देत नाही.

श्रेय याला, की बाबा घरात नसताना आईने त्यांच्या माणसांबद्दल वाकडा शब्द काढला नाही, आणि आई नसताना बाबांनी. माझ्या एका आत्येबहिणीकडेही असंच मिश्र घर आहे. तिथे दोन्ही सण दणक्यात होतात, पण पाहुणे गेले की "तुमच्या लोकांना ना..." सुरू. तिचा मुलगा आज दोन्ही घरांत पाऊल टाकत नाही. पोरं भिंतीआडून सगळं ऐकतात.

झणझणीत | ५ मार्च, रात्री ९:३३

रुमाल उचलतो. मी लिहिणार होतो ते मांडवीकाठ यांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं.

राइनकाठ | ६ मार्च, पहाटे ३:१०

जर्मनीतून. नवरा जर्मन, मुलगा सहाचा. मराठी सगळं समजतो, उत्तर जर्मनमध्ये देतो. मी एकच गोष्ट बदलली आणि फरक पडला. व्हिडिओ कॉलवर "आजीला मराठीत बोलून दाखव, ते गाणं म्हणून दाखव" हे बंद केलं. त्याऐवजी आजी त्याला कणकेचा गोळा कसा मळायचा ते सांगते, तो इकडे मळतो. हाताला काम असलं की तोंडातून आपोआप 'अजून पाणी?' येतं. भाषा दाखवायला लावली की तिची परीक्षा होते.

नवगावची_नात | ६ मार्च, सकाळी ११:२५

शलोम आणि नमस्कार. माझी मराठी लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आमच्यात सांगतात. आजी-आजोबा इस्रायलला आले, मी अश्दोदमध्ये वाढले. नवऱ्याचं घर मूळचं मोरोक्कोतलं.

कोकणात आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला 'शनवार तेली' म्हणायचं. माझ्या मुलाने शाळेत कुटुंबाचा इतिहास लिहिताना हे गाळलं, कारण त्याच्या वर्गात कुणाचे पणजोबा विद्वान, कुणाचे व्यापारी. माझ्या आईने त्याला जवळ बसवलं. म्हणाली, "आपल्याजवळ ना मोठी सिनगॉग होती, ना शिकवणारे रब्बी. जगातल्या बाकी यहुद्यांना आपण आहोत हेही माहीत नव्हतं. तरी शतकानुशतकं आपण शनिवारी घाणा थांबवला. गावाने ते बघितलं आणि त्यावरून नाव दिलं. आता सांग, हे नाव लपवायचं की लिहायचं?" त्याने लिहिलं.

आमच्याकडे शुभकार्यात एलियाहू हन्नाबींच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गोड करून, खोबरं, सुकामेवा आणि फळं. वल्हांडणाचा (पासओव्हर) सण संपला की नवऱ्याकडे मिमूना असतो, तव्यावरच्या पातळ पोळ्या लोणी-मध लावून. माझी धाकटी दोन्ही ताटं शेजारी ठेवते आणि पाहुण्यांना कुठल्या आजीने काय केलं ते सांगते. 'दाखव' कुणी म्हणत नाही, तिला स्वतःला सांगायचं असतं. राइनकाठ म्हणतात ते मला पटलं.

केळीचं_पान | ६ मार्च, सकाळी ११:५०

नवगावची नात, तुमच्या मराठीत एकही चूक दिसली नाही. लिहीत राहा.

खडूफळा | ६ मार्च, सायंकाळी ५:४०

पारिजातक, मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. तक्त्यासाठी एक सुचवते.

सांगली कृष्णेच्या काठी, कुंभकोणम कावेरीच्या. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, कावेरी कोडगूत तलकावेरीला. म्हणजे दोन्ही नद्या सह्याद्रीच्याच लेकी, दोन्ही पूर्वेला वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतात. 'मूळ गाव' या चौकटीत एक गाव मावतं, नकाशात दोन्ही मावतात. लेकीकडून दक्षिण भारताचा नकाशा काढून घ्या, सह्याद्री तपकिरी, दोन नद्या निळ्या. सांगलीपाशी हळदीचं रोप काढायला सांगा. हळदीची दुसरी मोठी पेठ तमिळनाडूत ईरोडला, तीही कावेरीकाठीच. गणिती रामानुजन यांचा जन्म ईरोडला आणि बालपण कुंभकोणमला, त्यांचं घर कुंभकोणमला अजून जपून ठेवलंय. गणिताची आवड असेल तर लेकीला हे नक्की सांगा.

पण तक्ता तिने तिच्या पाटीबरोबर करावा. आईने करून दिलेला तक्ता मला चाळीस वर्षं लांबून ओळखू यायचा.

डोंबिवलीचे_आजोबा | ७ मार्च, सकाळी ६:४५

सगळे प्रतिसाद वाचले. माझ्या पहिल्या प्रतिसादामागचं कारण लिहिलं नव्हतं, ते लिहितो.

मुलगा बंगळुरूला, सून तिकडचीच. फार गुणी मुलगी. नातू पाच वर्षांचा. घरात कन्नड आणि इंग्रजी. रविवारी फोन लागतो. मी विचारतो, "कसा आहेस?" तो म्हणतो, "फाइन." त्यापुढे दोघांनाही काही सुचत नाही. तो फोन आईकडे देतो. ही गेल्यापासून घरात मी एकटाच, आठवडाभर त्या फोनची वाट बघतो आणि तो दीड मिनिटात संपतो. म्हणून म्हटलं की एक मूळ पक्कं करा. खरं तर माझ्या मनात होतं की ते माझं असावं. पारिजातक यांच्या सासूबाईही माझ्यासारख्याच कोपऱ्यावर उभ्या आहेत, हे रात्री लक्षात आलं.

अबोली_१९ | ७ मार्च, सकाळी ७:२०

आजोबा, राइनकाठ यांची कणीक-युक्ती करून बघा ना. गप्पा मारण्यापेक्षा दोघांनी मिळून काहीतरी करायचं. कागदाची होडी, विमान, काहीही.

वऱ्हाडी_ठेचा | ७ मार्च, सकाळी ९:१५

आजोबा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

पारिजातक | २४ मार्च, रात्री ११:०५

उशीर झाला, क्षमस्व. सविस्तर लिहिते.

लेकीला मी काहीच समजावलं नाही. मांडवीकाठ यांचा प्रतिसाद वाचून आधी स्वतःकडे बघितलं. मी सासूबाईंबद्दल कधी वाईट बोलले नाही. पण अकरा वर्षांत तमिळ शिकलेही नाही. "मला कळतं" यावर भागवलं. त्या मराठी समजून घ्यायला शिकल्या, मी दहा वाक्यांवर थांबले. आई जी भाषा तोंडाने बोलत नाही ती कमी महत्त्वाची, हे लेक शाळेत शिकायच्या आधी माझ्याकडून शिकली असणार.

म्हणून एका संध्याकाळी लेकीसमोरच सासूबाईंना म्हटलं, मला तमिळ शिकवा, पहिल्यापासून. त्यांनी केळं हातात दिलं. 'वाळैप्पळम'. त्यातला तो 'ळ' आपला नव्हे, जीभ आणखी मागे वळवून निसटता सोडायचा. मला अर्धा तास जमेना. लेक बाजूला चित्र रंगवत होती, तिला राहवलं नाही. "आई, असं नाही, असं!" आणि तिने तो इतका सुरेख म्हटला की सासूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. त्या दिवसापासून माझी मास्तरीण लेकच आहे.

मग सासूबाईंनी त्यांच्या लहानपणचं एक जीभ वळवायचं वाक्य काढलं. "एळै किळवन वाळैप्पळ तोल मेल सरुक्कि कीळे विळुंदान." गरीब म्हातारा केळाच्या सालीवरून घसरून पडला, एवढाच अर्थ. मी आपलं "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" काढलं. सासूबाई 'राळ्यात राळे'ला अडखळल्या आणि पहिल्यांदा माझ्यासमोर पदर तोंडाला लावून खळखळून हसल्या. लेक दोन्ही न अडखळता म्हणते. घरात दोन्ही जमणारी ती एकटीच, हे तिच्या चांगलंच लक्षात आलंय.

खडूफळा बाई, नकाशाच केला. सह्याद्री, दोन नद्या, हळद. कडेने पाटीने ठिपके काढून दिले आणि लेकीने कोलम (तमिळ रांगोळी) ओढला. 'मूळ गाव' चौकटीच्या खाली तिने दुसरा कागद डकवून चौकट वाढवली आणि त्यात कुंभकोणम लिहिलं, मराठीत आणि तमिळमध्ये. तमिळ अक्षरं तिच्या अप्पाने गिरवून घेतली. तो रात्री बराच वेळ तो तक्ता बघत बसला होता.

वर्गात बाईंनी विचारलं, हे काय लिहिलंय, तर लेकीने वाचून दाखवलं आणि वर ते केळावरचं वाक्यही म्हणून दाखवलं. ज्यांनी चिडवलं होतं त्यातल्या एकाला ते शिकायचंय म्हणे.

सासूबाई अजून झेरॉक्सच्या दुकानापाशीच उभ्या राहतात. मी "फाटकापर्यंत जा ना" म्हटलं तर "गुडघे दुखतात" म्हणाल्या.

केळीचं_पान | २४ मार्च, रात्री ११:३०

हिंदीवाले मित्र 'ळ' चा 'ल' करतात तेव्हा तुमच्या लेकीकडे दोन 'ळ' आहेत, हे तिला सांगा. आणि १४ एप्रिलला पुत्तांडुच्या आगाऊ शुभेच्छा. आपला पाडवा चांद्र, तमिळ नववर्ष सौर, म्हणून एका घरात दोन नववर्षं. गोडाधोडाला दोन निमित्तं.

वऱ्हाडी_ठेचा | २५ मार्च, सकाळी ८:००

१४ एप्रिल आमचाही सगळ्यात मोठा दिवस, बाबासाहेबांची जयंती. लेकीसह तुमच्याकडे यायला आवडेल, किंवा तुम्ही आमच्याकडे या. निळा गुलाल लागेल, आधीच सांगून ठेवतो.

पारिजातक | १५ एप्रिल, रात्री ९:४०

वऱ्हाडी, काल आलात, फार बरं वाटलं. सासूबाईंनी कडुनिंबाचा फुलोरा, गूळ, कैरी घातलेली पचडी तुमच्या आईंच्या हातावर ठेवली आणि दोघींनी एकमेकींची भाषा येत नसताना तासभर काय गप्पा मारल्या, देव जाणे. तुमच्या लेकीने ओवी म्हटली तेव्हा आमची एकदम शांत बसून ऐकत होती. रात्री मला विचारलं, "पाटीलापण अशी गाणी येत असतील का?" आज दिवसभर पाटीच्या मागे लागलीय.

आणि आज दुपारी सासूबाई झेरॉक्सच्या दुकानापासून पुढे रसवंतीपर्यंत गेल्या होत्या. फाटक अजून शंभरेक पावलं आहे. लेक धावत आली आणि तिनेच लांबून ओरडून विचारलं, "पाटी, करुंबु जूस?" म्हणजे उसाचा रस. भर रस्त्यात.

झणझणीत | १५ एप्रिल, रात्री ९:५५

रस प्यायल्या का?

पारिजातक | १५ एप्रिल, रात्री ९:५८

दोघीही. आलं-लिंबू घालून.

डोंबिवलीचे_आजोबा | १५ एप्रिल, रात्री १०:२०

गेल्या रविवारी नातवाबरोबर फोनवर कागदाची होडी केली. बावीस मिनिटं. त्याची माझ्याहून चांगली झाली.

इथे कुणाला कन्नड येतं का? 'बाळा, इकडे ये' कसं म्हणतात?

बेळगावकर_मी | १५ एप्रिल, रात्री १०:२४

"पुट्टा, इल्लि बा." 'बा' जरा लांबवा.